बाईंची साक्ष

बाईंच्या चेहऱ्याला हात लावायची मुभा जगात एकाच माणसाला होती, ती म्हणजे रंगारीण. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा ब्रश घेऊन समोर उभी राहिली तेव्हा तिला तो चेहऱ्याला टेकवेचना. बाईंनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस रंगारणी. भिंत जुनी आहे, पोपडे आधीचेच आहेत." त्या दिवसापासून रंगमंदिरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या, आता एकाहत्तर. पन्नास वर्षं रंगमंचावर काढलेली बाई, पण तोंडदेखलं बोलणं म्हणून जमलं नाही. एका नवख्या दिग्दर्शकानं हौसेनं आपल्या नाटकाला बोलावलं आणि नंतर "कसं वाटलं?" म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "पहिला अंक लांबलाय, दुसराही लांबलाय. मध्यंतर मात्र सुरेख झालंय." पोरग्याचा चेहरा आधी पडला, मग तो हसला, आणि महिन्याभरात नाटक कापून पुन्हा त्यांनाच बोलावून घेऊन गेला. स्वतःच्या बाबतीतही त्या तशाच. एखाद्या दिवशी काम बसलं नाही, तर बाहेर कौतुकासाठी थांबलेल्या लोकांना सरळ सांगायच्या, "आज मी वाईट केलं. तुम्ही सभ्य आहात म्हणून टाळ्या वाजवल्यात." आणि काम बसलं की काय बसायचं! प्रेक्षकांकडे पाठ करून नुसता एक खांदा उडवायच्या आणि सहाशे माणसं खदखदून हसायची. रंगारणीनं विंगेत उभं राहून तो खांदा शेकडो वेळा पाहिला होता. त्यात काय आहे ते तिला कधी कळलं नाही, आणि पाहायचा कंटाळाही कधी आला नाही.

त्या रंगमंदिराचा व्यवस्थापक म्हणजे रंगारणीचा सख्खा भाऊ, तिचा दादा. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले तेव्हा यानंच तिला वाढवलं, आणि नवरा सोडून गेल्यावर यानंच तिला इथं कामाला लावलं. दादा वाईट माणूस नव्हता. कामाचा होता, वेळेचा पक्का होता. फक्त अडचण समोर आली की ती "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून ढकलायची त्याला सवय होती. आणि बऱ्याच अडचणी खरोखरच पुढच्या आठवड्यात आपोआप मिटतात, त्यामुळे ती सवय कधी अंगाशी आली नव्हती.

ती अंगाशी आली एका रविवारी, दुपारच्या प्रयोगाच्या मध्यंतरात.

नाटक विनोदी होतं. बाई एका बहिऱ्या सासूचं काम करत होत्या, जिला सगळं ऐकू येत असतं. पहिला अंक रंगला होता. मध्यंतरात मागचा पडदा वर अडकला म्हणून मिस्त्री शिडीवरून माळ्यावर चढला. मिस्त्री म्हणजे रंगमंदिराचा सुतार. चाळिशीच्या आतला, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. छताखाली एक अरुंद लोखंडी पूल होता, त्यावरून चालत जाऊन तो अडकलेली दोरी सोडवत होता. पुलाचा डावा कठडा दोन महिन्यांपासून तुटलेला होता आणि तिथं नुसता दोर बांधलेला होता. मिस्त्रीचा पाय घसरला, त्यानं दोर धरला, आणि दोरासकट तो तीस फुटांवरून खाली आला.

बाहेर प्रेक्षक चहा पीत होते. आवाज त्यांनाही ऐकू आला असेल, पण नेपथ्य बदलतायत असंच त्यांना वाटलं असणार.

दादा धावत आला. कुणीतरी पांढरी चादर आणली. चौघांनी मिस्त्रीला उचलून उजव्या विंगेमागे भिंतीशी ठेवलं. "लागलंय जरा," दादा सगळ्यांना सांगत होता, "शुद्ध हरपलीय. गाडी येतेय. कुणी गडबड करू नका." बाई एंट्रीसाठी तिथंच उभ्या होत्या. त्या खाली बसल्या, चादर बाजूला केली, मिस्त्रीच्या मानेवर दोन बोटं ठेवली. रंगारीण त्यांच्या मागेच होती. मान ज्या बाजूला वळली होती त्या बाजूला माणसाची मान वळत नाही, हे तिलाही दिसलं. बाईंनी चादर होती तशी ठेवली आणि उठल्या.

"बाई, तिसरी घंटा देऊ ना?" दादानं विचारलं. त्याचा आवाज फाटला होता. "हाउसफुल आहे. आता काय सांगू लोकांना?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. घंटा झाली आणि त्या रंगमंचावर गेल्या.

गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाई तीनदा आत आल्या आणि तीनदा बाहेर गेल्या, दर वेळी त्या चादरीला वळसा घालून. रंगारीण त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. कपाळ बर्फासारखं गार. आणि बाहेर सहाशे माणसं हसत होती. त्या नाटकाला इतका हशा त्याआधी कधी मिळाला नव्हता.

*

तीन दिवसांनी संध्याकाळी दादा तिच्या घरी आला. वहिनीनं दिलेला डबा टेबलावर ठेवला, खुर्चीत बसला आणि खिशातून टाइप केलेला एक कागद काढला.

"सही कर."

तिनं वाचलं. सदर इसम कामावर असताना नशेत होता, त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, माळ्यावर जाऊ नकोस असं बजावूनही तो गेला. खाली सात सह्या होत्या. प्रकाशयोजनावाला, पडदेवाला, तिकीट खिडकीवरच्या दोघी, सगळे.

"दादा, मिस्त्री तर पीत नव्हता."

"मला माहीत नाही का?" दादा म्हणाला. "कठड्याचं काम काढलं असतं तर एक दिवस थेटर बंद ठेवावं लागलं असतं. सगळ्या तारखा गेलेल्या होत्या. म्हटलं, हंगाम संपला की करू. एवढंच. आता चौकशी बसलीय. मला आत टाकतील गं. गेलेला माणूस काही परत येणार नाही, पण माझी दोन पोरं शिकतायत. तू सही नाही केलीस तर लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीनं केली नाही."

त्याचे डोळे भरले होते. आईच्या मागे याच माणसानं तिची वेणी घातली होती, वेडीवाकडी का होईना. तिनं सही केली. डबा रिकामा करून धुऊन त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती रंगपटात सामान आवरायला गेली. प्रयोग बंद होते, पण बाई आरशासमोर बसलेल्या होत्या. तोच कागद त्यांच्यापुढे होता. दादानं त्यांच्याकडेही पाठवला होता. त्या सह्यांवरून बोट फिरवत होत्या. आठव्या सहीशी बोट थांबलं.

"इतकी वर्षं मला वाटत होतं," बाई म्हणाल्या, "तू फक्त माझ्याच तोंडाला रंग फासतेस."

रंगारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझा भाऊ आहे तो, बाई."

"आहे ना. नाही कुठं म्हणतेय? मी तुला शिव्या देत नाहीये. मला भाऊ नाही, म्हणून मला सोपं आहे." त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्याच हातात दिली. "हा मॅनेजर साहेबांना परत दे. सांग, यात व्याकरणाच्या चार चुका आहेत आणि बाकी सगळी एकच चूक आहे."

*

चौकशी सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, त्यामागे तीन अधिकारी, भिंतीला कपाटं आणि कपाटांवर फायलींचे ढीग. पंखा चालू केला की कागद उडायचे म्हणून पंखा बंद. मागच्या बाकावर मिस्त्रीची बायको एकटी बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. रंगारणीनं तिला पूर्वी एक-दोनदाच पाहिलं होतं.

रंगारणीचा नंबर आधी आला.

"ही सही तुमची?"

दादा समोरच बसला होता. आठवड्याभरात त्याचे गाल बसले होते.

"हो."

"वाचून केलीत?"

"हो."

"बसा." अर्ध्या मिनिटात आटोपलं. खाली बसताना तिनं मागच्या बाकाकडे बघायचं टाळलं.

मग बाई आल्या. साधी पांढरी साडी, चेहऱ्याला काहीही नाही. रंगाशिवायचा तो चेहरा इतक्या लोकांत पाहिल्यावर रंगारणीला आपणच उघडे पडल्यासारखं वाटलं.

"मिस्त्री पीत नव्हता," बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. "कठडा तुटल्याचं त्यानं दोनदा तोंडी सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तक्रारवहीत लिहिलं."

रंगमंदिराचा वकील उठला. जाडजूड, हसतमुख माणूस. "तक्रारवहीत असं पान नाही, बाई."

"नाहीच. फाडलंय. वहीच्या शिवणीत तुकडा राहिलाय, बघा. मला माहीत आहे, कारण ते पान माझ्या हातचं होतं. मिस्त्रीला आपल्या अक्षराची लाज वाटायची. तो सांगत गेला, मी लिहीत गेले."

"काय लिहिलं होतं ते आठवतं?"

"माझं पोट त्यावरच भरतं, वकीलसाहेब."

तिघांपैकी एक अधिकारी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, डावा खांदा थोडा पाडला, हात कानाशी नेला आणि तिथं नसलेली पेन्सिल काढली. त्यानंतर जो आवाज आला तो बाईंचा नव्हता. जरासा घोगरा, अदबीचा, वाक्यागणिक अडखळणारा.

"म्हणजे बघा, बाई, असं लिहा. वरच्या पुलाचा डावा कठडा तुटलाय. तो मी दोरानं बांधलाय. पण दोर आहे तो, म्हणजे बघा, खूण म्हणून बांधलाय, की इथं जाऊ नका. माणूस घसरला तर तो दोरच धरणार. आणि दोर काही त्याला धरणार नाही. तेव्हा वेल्डरला बोलवा. एका दिवसाचं काम आहे. मी रविवारीसुद्धा थांबीन. एवढं लिहा. आणि खाली, म्हणजे बघा, 'आपला नम्र' असं लिहा. रागावून लिहिलंय असं वाटायला नको."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, धाप लागल्यासारखा. मिस्त्रीची बायको उठून उभी राहिली होती. तिचा हात तोंडावर होता. दादानं मान खाली घातली, आणि ती त्यानं नंतर वर केलीच नाही.

बाईंनी खांदा सरळ केला. क्षणात मिस्त्री गेला.

वकिलानं घसा साफ केला. "सुंदर. फारच सुंदर. पण बाई, राग मानू नका, खोटं खरं वाटावं असं बोलणं हा तर तुमचा धंदाच आहे."

"माझ्या धंद्यात लोकांना आधी सांगतात की हे खोटं आहे. पाट्या लावतात, तिकीट देतात. तुमच्याकडे तसं काही करतात का?"

या वेळी दोन अधिकारी हसले. वकिलाचा चेहरा पडला, पण माणूस मुरलेला होता. त्यानं आवाज खाली आणला.

"बरं. त्या दिवशी मध्यंतरानंतर तुम्ही दुसरा अंक केलात. लोकांना भरपूर हसवलंत. म्हणजे विंगेत माणूस मरून पडलाय याची तुम्हाला कल्पनाच नव्हती. तुम्हाला सांगितलं होतं, जरा लागलंय. बरोबर?"

रंगारणीला पुढचं सगळं स्पष्ट दिसलं. त्यानं दार उघडून दिलं होतं. "बरोबर" म्हटलं की बाई सुटल्या. दादानं खरंच तसं सांगितलं होतं, दहा जणांनी ते ऐकलं होतं. मनातल्या मनात ती म्हणत होती, हो म्हणा, बाई. हो म्हणा.

"चूक," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं. मी मानेला हात लावून पाहिला होता. तो गेला होता."

"आणि तरी तुम्ही..."

"तरी मी गेले. घंटा झाली आणि पाय आपोआप चालायला लागले, असं मी तुम्हाला सांगू शकते. तसं नव्हतं. मी 'पडदा पाडा' म्हणाले असते तर पडला असता; माझं तेवढं वजन होतं. मी म्हणाले नाही. बाहेर गेले, पहिला हशा आला, आणि मला बरं वाटलं. त्याच्याशेजारून तीनदा गेले आणि तीनदा हशा घेऊन आले. वर्षातला सगळ्यात चांगला प्रयोग झाला तो. मिस्त्रीनं पान लिहून घेतलं तेव्हाही, वेल्डर आला का म्हणून मी एकदासुद्धा विचारलं नाही. मला काही त्या पुलावर चढायचं नव्हतं ना. हेही लिहून घ्या. त्याखाली मी सही करते."

त्यांनी सही केली आणि दाराकडे निघाल्या. बाकापाशी आल्यावर मिस्त्रीच्या बायकोपुढे त्या थांबल्या. तिनं बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

*

दोन दिवसांनी रंगारीण एकटीच त्या कचेरीत गेली. टेबलाशी एक कारकून बसला होता. तिनं सांगितलं, मला माझी साक्ष मागे घ्यायचीय.

"आता काही उपयोग नाही हो," कारकून म्हणाला. "अहवाल टाइप होतोय. नशेचा मुद्दा साहेबांनी काढूनच टाकलाय."

"उपयोगासाठी नाही आले."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. तिनं लिहिलं की सही माझी आहे, पण वर लिहिलेलं खरं नाही. 'आपली नम्र' लिहिताना तिचं पेन थबकलं, मग तिनं तेही लिहिलं.

अहवालात दुरुस्तीअभावी अपघात असं आलं. दादाची नोकरी गेली आणि त्याच्यावर खटला भरला गेला. बहिणीनं मागाहून काय लिहून दिलं ते त्याला वकिलाकडून कळलं. पुढच्या रविवारी ती त्याच्या घरी गेली तेव्हा वहिनीनं दार अर्धंच उघडलं. "ते म्हणतायत, घरात कुणी नाही म्हणून सांग," वहिनी म्हणाली, आणि रडत दार लावून घेतलं. त्याच्या चपला बाहेरच होत्या.

बाईंचं काय झालं? वर्तमानपत्रांनी त्यांच्या साक्षीतलं एकच वाक्य उचललं. तीनदा हशा घेऊन आले. तुटका कठडा, फाडलेलं पान, सगळं बाजूला राहिलं. लोकांच्या लक्षात राहिली ती मढ्याशेजारून जाऊन हसवणारी म्हातारी. थेटर पुन्हा सुरू झालं, नवा कठडा बसला, नाटक लागलं. पहिल्याच प्रयोगाला बाईंनी खांदा उडवला आणि हशा आला नाही. दुसऱ्या अंकात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वर बघा बाई, अजून कुणी पडतंय का!"

बाई थांबल्या. त्यांनी खरोखरच वर बघितलं, शांतपणे, पुरतं निरखून. मग त्या माणसाच्या दिशेनं म्हणाल्या, "नाही पडत. आज सकाळी मी विचारून घेतलं. तेव्हा विचारायला हवं होतं, तुमचं म्हणणं बरोबर आहे." आणि पुढचं वाक्य घेतलं. प्रयोग त्यांनी शेवटपर्यंत केला. विंगेतून बघताना रंगारणीला वाटलं की इतकं बिनचूक काम तिनं बाईंकडूनही कधी पाहिलं नव्हतं. पण समोर नुसती शांतता होती. महिन्याभरात दिग्दर्शकानं तब्येतीची काळजी वाटते असं सांगून भूमिका दुसरीला दिली. बाई त्याला म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. तिकिटं जात नाहीत म्हण, मला चालेल." तो तेव्हा रडला म्हणतात. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही.

*

रंगारणीला एका लग्नाच्या स्टुडिओत नवऱ्यामुलींचे चेहरे रंगवायचं काम मिळालं. दर गुरुवारी सकाळी ती बाईंकडे जायची. दोन खोल्या, खाली गॅरेज, दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज. बाईंचे हात कापायला लागले होते, म्हणून ती केस विंचरून द्यायची, नखं कापायची. अशाच एका गुरुवारी दाराशी मिस्त्रीची बायको आली.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. चहा नको म्हणाली. मग एकदम विचारलं, "तुम्ही त्यांच्याजवळ बसला होतात ना? काही बोलले का ते?"

बाई तिच्याकडे वळल्या.

"पडदेवाले म्हणाले, पाणी मागितलं. तिकीट खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, मुलीचं नाव घेतलं. आणखी एक जण म्हणाले, माझी आठवण काढली. मला नुसतं काय ते कळू दे."

रंगारणीच्या हातातला कंगवा तसाच राहिला. एक वाक्य. एवढंच हवं होतं त्या बाईला, आणि ते वाक्य त्याच घोगऱ्या आवाजात सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही बोलला नाही. मी बसले तेव्हा तो गेलेला होता. पडला तेव्हाच गेला असणार. दुखलं नसेल असं डॉक्टर म्हणाले, पण ते मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच."

खाली गॅरेजमध्ये ठोकाठोक चालली होती. मिस्त्रीच्या बायकोनं डोळे पुसले. "तीन जणांनी तीन सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण रोज रात्री मी त्यातलं एक निवडत बसायचे. आता नको." थोड्या वेळानं म्हणाली, "चहा चालेल मला."

चहा झाला. ती निघाली तशी रंगारीण पायात चपला सरकवून तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. थांब्यावर आल्यावर रंगारणीनं एका दमात सांगून टाकलं, "त्या कागदावर, ते प्यायले होते म्हणून, माझीही सही होती."

"माहीत आहे," मिस्त्रीची बायको म्हणाली. "आठवी. कचेरीत मला दाखवला होता कागद."

"मी नंतर मागे घेतली."

"तेही सांगितलं त्यांनी."

बस दिसली. रंगारीण वाट बघत राहिली, पण मिस्त्रीची बायको आणखी काही बोलली नाही. तिनं पर्स खांद्याला लावली, दांडा धरून वर चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. बस सुटली. रंगारीण परत वळली. बाईंची उजव्या हाताची नखं कापायची राहिली होती.